सोनेगावहून परदेशी निघताना: बॅग, खसखस आणि सिक्युरिटीची रांग

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या आईबाबांची बॅग मुलांनी भरून, कुलूप लावून त्यांच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बॅग त्यांनीच भरावी. आपण बाजूला बसावं आणि एकेक डबा उचलून विचारावं, "हे काय, आणि कोणासाठी?" विमानतळावर हाच प्रश्न गणवेशातला माणूस विचारतो, आणि तिथे उत्तर द्यायला आपण नसतो. बॅगेत काय आहे हे ज्याला ठाऊक असतं तो शांत उभा राहतो. ज्याला ठाऊक नसतं तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला आणखी चार प्रश्न येतात.

मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहते, सोनेगाव हे आमचं विमानतळ. आमच्या भागात कोणाचा मुलगा दुबईला असतो, कोणाची मुलगी न्यू जर्सीला. बाळंतपण आलं की आजी निघते, आणि निघायच्या आठवड्यात तिच्या बॅगा माझ्या समोरच्या खोलीत उघडल्या जातात. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात खाण्यापासून, कारण आपल्या बॅगांत निम्मं तेच असतं. नागपूरहून थेट परदेशी विमानं जातात ती अमिरातीतल्या शारजाला आणि कतारच्या दोह्याला. म्हणून सगळ्यांत आधी मी खसखस शोधते. खसखस अफूच्या बोंडातलं बी आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत, सौदीत ती नेणं हा अमली पदार्थाचा गुन्हा धरला जातो. "इतकुशी तर आहे नं बाई" हे तिथे चालत नाही, कपड्यांना चिकटलेले दाणेही अंगलट येऊ शकतात. खसखशीची पुडी कोणी मुद्दाम नेत नाही. ती लपलेली असते. अनारशांना लावलेली असते. इतवारीतून दळून आणलेल्या सावजी मसाल्यात असते. काळ्या मसाल्यात असते. आणि बाळंतिणीसाठी मायेने वळलेल्या डिंकाच्या लाडवांत तर हमखास असते! एका आजींनी लेकीसाठी डबा भरून लाडू केले होते. शारजाला जाणार म्हटल्यावर मी ते घरीच ठेवायला लावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही दोघींनी बसून दुसरे वळले: डिंक, खारीक, बदाम, गूळ, आणि खसखस अजिबात नाही. म्हणून मसाला आणि लाडू जाण्याआधी दोन आठवडे, वेगळ्या भांड्यात, खसखशीशिवाय करायला घ्या. मिक्सरचं भांडं आधी घासून घ्या. दोह्याला फक्त विमान बदलायचं असलं तरी मी खसखस ठेवू देत नाही.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, घरीच राहू द्या. काकांना राग येतो, पण अमिरातीत विड्याची पानं आणि चघळायची तंबाखू आत येऊ देत नाहीत. आजीच्या पिशवीतला अडकित्ताही बघा. तो केबिनच्या बॅगेत असेल तर हमखास काढून घेतात. न्यायचाच असेल तर चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाका.

देवाचं सामान वेगळं काढून बघायचं. कापूर चटकन पेटतो, म्हणून तो कोणत्याच बॅगेत चालत नाही. आगपेटी, लायटरचंही तसंच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवरही बंदी आहे, कारण त्यातलं तेल आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. हे ऐकल्यावर लोक थक्क होतात, पण कारण कळलं की वाद घालत नाहीत. तूप, लोणचं, तिखट, भिवापुरी मिरचीची पूड, सगळं चेक-इनच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. आंतरराष्ट्रीय विमानात केबिनमध्ये पातळ पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. बाटली २०० ची आणि आत तेल बोटभरच, तरी ती काढून घेणार. बाटलीचा आकार मोजतात, आतलं तेल नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांत लपवलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून हा नियम जगभर आला.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१८ च्या जूनअखेरीपासून तिकडे जाणाऱ्या विमानात केबिनमध्ये ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी काढून तपासतात, आणि नीट ओळखू आली नाही तर ठेवून घेतात. सत्तू, मेतकूट, जवसाची चटणी, सगळी पूडच. ती मोठ्या बॅगेत ठेवा. ताजी संत्री मुळीच नेऊ नका, संत्र्याची बर्फी न्या. ती केबिनमध्ये असेल तर एखादेवेळी डबा उघडायला सांगतील. एक्स-रेच्या पडद्यावर खाण्याचे पदार्थ, कागद, कापड अशा सेंद्रिय गोष्टी नारिंगी दिसतात, धातू निळे. बर्फी घट्ट असते, एकावर एक रचलेली असते, त्यामुळे पडद्यावर एक गडद ठोकळा दिसतो आणि बसलेल्या जवानाला त्याच्या आतलं काही दिसत नाही. म्हणून तो उघडून बघतो. त्यात आपल्यावर संशय काही नसतो. केबिनच्या बॅगेत डबे एकावर एक रचण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवले की हे बरंचसं टळतं.

औषधं मात्र केबिनमध्येच. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासकट. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल ही अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत, त्यांना तिथल्या सरकारची आधी ऑनलाइन परवानगी लागते. गुडघेदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असू शकतं, म्हणून पाकीट उलटून वाचा. पॉवर बँकही केबिनमध्येच ठेवायची. चेक-इनमध्ये गेली तर बॅग अडते आणि आपल्याला बोलावणं येतं. १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची, सहसा बिनधास्त चालते.

आता माणसाबद्दल. मला याचीच जास्त काळजी वाटते.

आयुष्यभर मानाने जगलेल्या माणसाला कोणीतरी हात वर करून उभं करतं, अंगावरून यंत्र फिरवतं, आणि मागे रांग बघत असते. हे आधी सांगितलं नाही तर लागतं. म्हणून मी कारण सांगते. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं होतं. त्यानंतर २००० सालापासून, जयपूरपासून सुरुवात करत, आपल्या विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, येत गेली. मंत्र्यांच्या घरच्यांपासून रोजगार हमीच्या मजुरापर्यंत बहुतेक सगळे धातू ओळखणाऱ्या याच चौकटीतून जातात, हे कळलं की आजीचा ताण उतरतो.

बायकांची तपासणी पडद्याआड, बाई जवानच करते. नऊवारी असली तरी हरकत नाही, फक्त कमरेला पैशाची पिशवी किंवा किल्ल्यांचा जुडगा खोचू नका. मंगळसूत्र सहसा काढायला लावत नाहीत. पण पाटल्या, तोडे भरपूर घातले की यंत्र वाजणारच आणि वेळ जाणारच. प्रवासात मोजकेच दागिने बरे. गुडघा बदललेला असेल तर चौकट दर वेळी वाजेल. तेव्हा दचकायचं नाही, चौकटीत जाण्याआधीच सांगायचं. जवान देशभरातले असतात, मराठी कळेलच असं नाही, म्हणून एक हिंदी वाक्य घोकून घ्या: "घुटने में ऑपरेशन हुआ है, लोहा है." पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड हातात ठेवा, आणि हातातलं यंत्र छातीवर न धरता हातानेच तपासा अशी विनंती करा. ती मान्य करतात.

काही वेळा हातावरून किंवा बॅगेवरून कापडी पट्टी फिरवून यंत्रात घालतात. स्फोटकांचे कण शोधायची ती तपासणी आहे. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका लेकाकडे निघाले होते, आदल्या संध्याकाळपर्यंत बागेत खत टाकत होते. मी त्यांना म्हटलं, "काहून घाई करता, बाप्पा? आज हात नीट साबणाने धुवा, आणि बागेतले जोडे घालून जाऊ नका." नायट्रेटचं खत आणि ग्लिसरीनची क्रीम यांनीही ते यंत्र वाजू शकतं. वाजलं तर दुसऱ्यांदा तपासतात, चार प्रश्न विचारतात. खरं ते सांगायचं.

अमेरिकेच्या बोर्डिंग पासवर कधी इंग्रजी एसएसएसएस अशी अक्षरं छापून येतात. त्या प्रवाशाची जादा तपासणी होणार, एवढाच त्याचा अर्थ. अर्धा तास जास्त धरा.

घरी एकदा सराव करा. मी दिवाणावर परात ठेवते आणि सांगते, हा ट्रे. खिशातलं सगळं काढा: फोन, किल्ल्या, चिल्लर, पट्टा. कानातलं यंत्र असेल तर ते घालूनच ठेवा, नाहीतर पुढचं काही ऐकू येणार नाही. लॅपटॉप, पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र हातातच. पलीकडे गेल्यावर आधी आपला ट्रे उचलायचा, मग चष्मा, मग बाकीचं, आणि बाजूच्या बाकावर बसून सगळं परत घालायचं. रांगेत मागचा घाई करतो म्हणून उभ्या उभ्या काही घालू नका. पायात बिनलेसचे जोडे असू द्या.

शेजारच्यांचं पार्सल घेताना मन घट्ट करा. "माझ्या भाच्यासाठी थोडा मसाला" अशी पुडी आली की ती उघडून, सगळं बघून, आपल्या हाताने पुन्हा बांधायची. उघडायला नकार दिला तर पुडी घ्यायची नाही. माणूस रुसला तरी चालेल. परक्या देशात ती पुडी ती नेणाऱ्या आजीच्या नावावर असते.

सोडायला गेलेल्यांनी वर्धा रोडवरून लगेच मागे फिरू नये. आईबाबांचा "आत पोहोचलो" असा फोन येईपर्यंत थांबा. चेक-इन काउंटरवर वजन जास्त निघालं, एखादी वस्तू नाकारली, तर ती घ्यायला कोणीतरी बाहेर लागतं. व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा. नीट चालता येत असलं तरी पहिल्या खेपेला ती मागा, कारण खुर्ची ढकलणारा माणूस प्रत्येक तपासणीत सोबत राहतो. आणि दोह्याला विमान बदलताना पुन्हा एकदा सिक्युरिटी असते, तेव्हा नागपूरला आत घेतलेली पाण्याची बाटली तिथल्या रांगेआधी पिऊन रिकामी करा. रिकामी बाटली नेऊ देतात, पलीकडे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.