जिल्हा न्यायालयातील फौजदारी नोंद कशी शोधावी आणि कशी वाचावी

घर भाड्याने देताना, सोयरीक जुळवताना, भागीदारी करताना किंवा संस्थेत मुलांच्या सहवासात काम करणाऱ्या माणसाची नेमणूक करताना समोरच्यावर काही गुन्हा दाखल आहे का, हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक जण त्यासाठी कानोकानी आलेल्या माहितीवर विसंबतात किंवा कोणाला तरी पैसे देऊन ‘चौकशी’ करवून घेतात. त्याऐवजी न्यायालयाच्या आणि पोलिसांच्या खुल्या नोंदी आपण स्वतः पाहू शकतो. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही, मात्र चिकाटी लागते, आणि दिसलेल्या नोंदीचा अर्थ लावताना तर फारच काळजी घ्यावी लागते.

पहिली गोष्ट ही की, नाव टाकले आणि माणसाचा सगळा पूर्वेतिहास समोर आला, अशी एकच नोंदवही सामान्य नागरिकाला उपलब्ध नाही. पोलीस ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली तपास यंत्रणेच्या वापरासाठी आहे. नागरिकांसाठी खुले असते ते न्यायालय, आणि न्यायालय नेहमी जागेशी बांधलेले असते. खटला सर्वसाधारणपणे गुन्हा जिथे घडला तिथल्या न्यायालयात चालतो, आरोपी जिथे राहतो तिथे नव्हे. म्हणून साताऱ्याच्या माणसावरील खटला पनवेलच्या न्यायालयात असू शकतो आणि साताऱ्यात कितीही शोधले तरी तो सापडणार नाही. शोध सुरू करण्यापूर्वी त्या व्यक्तीचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, विवाहित स्त्री असल्यास माहेरचे नाव, ‘उर्फ’ असल्यास तेही, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती ज्या ज्या तालुक्यांत राहिली, नोकरी केली किंवा धंदा केला त्यांची यादी कागदावर उतरवून घ्यावी. ही यादी जितकी नीट, तितका पुढचा शोध विश्वासार्ह.

ई-कोर्ट्सवरचा शोध

देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांची माहिती ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या सरकारी संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर विनामूल्य मिळते. तेथे राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडावे लागते. तालुक्याचे न्यायालय हे वेगळे संकुल असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. केवळ जिल्ह्याच्या ठिकाणचे संकुल तपासून ‘काही सापडले नाही’ असा निष्कर्ष काढला, तर बारामती किंवा जुन्नरच्या न्यायालयातील खटला नजरेतून सुटतो.

पक्षकाराच्या नावाने शोधताना नाव, खटला नोंदणीचे वर्ष आणि खटला प्रलंबित आहे की निकाली, हे भरावे लागते. वर्ष ठाऊक नसेल तर एकेक वर्ष घेऊन शोध पुन्हा पुन्हा करण्याला पर्याय नाही. नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. ‘पवार’, ‘शेख’, ‘वाघ’, ‘चव्हाण’ ही आडनावे दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, आणि कधी आडनाव आधी तर कधी शेवटी येते. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाचा न बदलणारा तुकडा टाकून पाहावा आणि मिळालेल्या यादीतून वडिलांच्या नावावरून गाळत जावे.

पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘गु.र.नं.’ म्हणतात तो, ठाऊक असेल तर काम पुष्कळ सोपे होते. या क्रमांकावरून, म्हणजे एफआयआर (पोलिसांनी नोंदवलेली पहिली खबर) क्रमांकावरून, शोध घेण्याची सोय तेथेच आहे, आणि त्या एका गुन्ह्यातून उद्भवलेले जामीन अर्ज, मुद्देमाल परत मिळवण्याचे अर्ज व मुख्य खटला असे सगळे एका यादीत दिसू शकते. नावाच्या शोधापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा असल्यामुळे, शक्य असेल तेव्हा हाच आधी वापरावा असे माझे मत आहे.

खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टिपून ठेवावा. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक त्या न्यायालयाचे, पुढचे सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे असतात. हा क्रमांक हाती असला की पुन्हा नावे शोधत बसावे लागत नाही.

दिसलेल्या नोंदीचा अर्थ

सर्वांत जास्त चुका येथे होतात. ‘आर.सी.सी.’ म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील नियमित फौजदारी खटला, ‘एस.सी.सी.’ म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, ‘सेशन्स केस’ म्हणजे सत्र न्यायालयात चालणारा गंभीर गुन्ह्याचा खटला, आणि ‘स्पेशल केस’ म्हणजे पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचार), मोक्का (संघटित गुन्हेगारी), अंमली पदार्थ, अत्याचार प्रतिबंध (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार) यांसारख्या विशेष कायद्यांखालील खटला. एस.सी.सी.च्या यादीत न वटलेल्या धनादेशांचे, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील, असंख्य खटले असतात. कायद्याने तो फौजदारी खटला असला, तरी थकलेल्या उधारीचा वाद आणि मारहाण यांना एकाच तराजूत तोलणे हा त्या माणसावर अन्याय आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील अर्जही दंडाधिकाऱ्यांपुढे चालतात, म्हणून फौजदारी बाजूच्या नोंदींत दिसतात. त्यातील सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज केला आहे तो, हा त्या अर्जापुरता ‘आरोपी’ नसतो. म्हणून खटल्याच्या प्रकारावर न थांबता कायदा व कलम यांचा रकाना अवश्य उघडावा.

कलमे वाचताना तारीख पाहावी. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिता, १८६० लागू होते आणि त्या दिवसापासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता, २०२३. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयीचे कलम आहे. फसवणुकीचे सर्वांच्या तोंडी असलेले ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे. नुसता आकडा पाहून घाबरणाऱ्याने, आणि तो आकडा पाहून इतरांना सांगत सुटणाऱ्याने तर विशेषच, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘निकाली’ हा शब्दही फसवा आहे. गंभीर गुन्ह्यात दंडाधिकारी दोषारोपपत्र स्वीकारून प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात, तेव्हा खालच्या न्यायालयात ते निकाली दिसते, पण खरा खटला नव्या क्रमांकाने वर सुरू झालेला असतो. उलट बाजूने, निकाली म्हणजे शिक्षा असेही नाही. आरोप ठेवण्याआधीच झालेली दोषमुक्ती, साक्षीपुराव्यानंतर निर्दोष मुक्तता, आपसात तडजोड, गुन्हा कबूल करून भरलेला दंड, आरोपीच्या मृत्यूमुळे संपलेला खटला, हे सर्व निकालीच असतात. निकालाचे स्वरूप सांगणारी ओळ वाचावी, निकालपत्र चढवलेले असल्यास ते उघडून शेवटचा आदेश वाचावा, आणि शक्य झाल्यास रोजनामा, म्हणजे त्या त्या तारखेच्या कामकाजाची नोंद, तीही पाहावी. प्रत्येक तारखेवर क्लिक केल्यास त्या दिवशीचा रोजनामा थोडक्यात दिसतो. आरोपी हजर होता का, वॉरंट निघाले का, साक्षीदार का आला नाही, यांतून खटल्याची खरी अवस्था कळते.

शिक्षा झालेली दिसली तरी वरच्या न्यायालयात अपील झाले आहे का, हे तपासल्याशिवाय शोध पुरा होत नाही. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावरील अपील साधारणपणे सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या निकालावरील अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. उच्च न्यायालयाचा शोध त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर घ्यावा लागतो आणि मुंबईचे मुख्यपीठ, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा यांपैकी योग्य जागा निवडावी लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, हे तेथील रहिवाशांनी लक्षात घ्यावे.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने नावसाधर्म्यामुळे जवळजवळ ठरलेले लग्न मोडायला घेतले होते. नाव तेच, आडनाव तेच, तालुकाही तोच. वडिलांचे नाव मात्र वेगळे होते आणि ते कोणी पाहिलेच नव्हते. ई-कोर्ट्सवर बहुधा छायाचित्र किंवा जन्मतारीख नसते. वडिलांचे नाव, वय, पत्ता यांपैकी किमान दोन गोष्टी निकालपत्रातून किंवा एफआयआरमधून जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असे मनातसुद्धा म्हणू नये, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

पोलिसांकडील नोंदी

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, २४ तासांच्या आत संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची असते; दुर्गम भाग किंवा संपर्काची अडचण असल्यास ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा निवडून या प्रती पाहता येतात. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांतील खबर तेथे ठेवली जात नाही. त्यामुळे तेथे काही न दिसणे म्हणजे गुन्हाच नाही, असे मानता येत नाही.

एफआयआर हा आरोप आहे. तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात किंवा न्यायालयाला समरी अहवाल देतात. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘बी’ म्हणजे खबर जाणूनबुजून खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून दिलेली. उच्च न्यायालय एफआयआर रद्दही करू शकते. जुन्या एफआयआरची प्रत हाती आली म्हणून तिला शेवटचा शब्द मानू नये, त्याच गु.र.नं.ने न्यायालयात पुढे काय झाले ते शोधावे.

चॅप्टर केस (शांतता राखण्याची किंवा चांगल्या वर्तनाची हमी घेण्याची कारवाई) आणि तडीपारी (ठरावीक भागातून बाहेर राहण्याचा आदेश) या कारवाया मात्र सहसा ई-कोर्ट्सवर सापडत नाहीत, कारण त्यांचे आदेश कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस उपायुक्त किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात. त्या प्रतिबंधक कारवाया आहेत, दोषसिद्धी नव्हेत.

स्वतःची स्वच्छ नोंद दाखवायची असेल तर चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करावा. ते ज्याचे त्यालाच मिळते, म्हणून नेमणूक करणाऱ्या संस्थेने चोरून चौकशी करण्यापेक्षा उमेदवाराकडूनच ते मागावे. हा मार्ग सरळ आहे आणि समोरच्याचा मानही राखतो. निवडणुकीच्या उमेदवारांबाबत तर इतकेही करावे लागत नाही. विधानसभा व लोकसभेच्या उमेदवारांना नमुना २६ मधील शपथपत्रात प्रलंबित खटले व झालेल्या शिक्षा लिहाव्या लागतात आणि ती शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

नक्कल काढणे

संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश माहितीपुरता असतो. कोठे दाखल करायचा असेल तर प्रमाणित प्रत, म्हणजे नक्कल, लागते. आरोपी, फिर्यादी आणि निकालामुळे बाधित होणारी व्यक्ती यांना नक्कल विभागात अर्ज करून व शुल्क भरून ती मिळते. त्रयस्थ माणसाने अर्जासोबत प्रत कशासाठी हवी याचे कारण देणारे शपथपत्र जोडावे. ती द्यायची की नाही हे न्यायालय ठरवते. अनेक जण येथे माहिती अधिकाराचा अर्ज करतात आणि तो फेटाळला गेला की निराश होतात. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे की, न्यायिक कागदपत्रांसाठी त्या त्या न्यायालयाच्या नियमांतून जावे, माहिती अधिकारातून नव्हे. पोलिसांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, परंतु तपासात अडथळा येईल अशी किंवा एखाद्याची वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद त्या कायद्यातच आहे.

संगणकीकरणापूर्वीच्या खटल्यांसाठी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जावे लागते. तेथे खटला क्रमांक आणि निकालाची तारीख विचारली जाते, आणि जुने अभिलेख नियमांनुसार ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून उशीर करू नये. संगणक वापरणे जमत नसेल तर न्यायालयातील ई-सेवा केंद्रात खटल्याची स्थिती शोधून देतात व नकलेच्या अर्जासाठी मदतही करतात.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची आणि कोणत्याही प्रकरणातील बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, मग ती माहिती तुमच्या हाती कोणत्याही मार्गाने आलेली असो. निकालपत्र कोणाला पाठवण्यापूर्वी त्यात अशी नावे राहून गेली आहेत का, हे प्रत्येक पानावर पाहावे, आणि शंका असेल तर ते पाठवू नये. तुमच्या स्वतःच्या नोंदीत नाव किंवा निकाल चुकीचा चढला असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत व ओळखपत्र जोडून ज्या न्यायालयात खटला चालला त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेऊन ती जपून ठेवावी.