रुग्णांसाठी कॉलनीत वर्गणी काढायची, ती कशी?

पहिली गोष्ट, दवाखान्याच्या बिलासाठी वर्गणी काढू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पेशंट अडतो तो मध्येच कुठेतरी. नाशिकच्या सिडकोतून आठवड्याला तीनदा डायलिसिसला जायचं रिक्षाभाडं नसतं, किंवा रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही म्हणून फाईल आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्याच्या, टेबलावरून परत येते. पैसा इथे लागतो, आणि पाठपुरावा करणारं एक माणूसही.

आधी आकडा काढा. समजा, डायलिसिसचे चार पेशंट, महिन्याला १२ फेऱ्या, जाऊन-येऊन ३०० रुपये: १४,४०० झाले. तपासण्या आणि बाहेरची औषधं ६,०००, समन्वयकाचं मानधन ८,०००, फोन-झेरॉक्स ६००. महिन्याचे २९,०००, सहा महिन्यांचे १,७४,०००. मानधनावर मीटिंगमध्ये हमखास वाद होतो. तरी ते कापू नका. फुकटचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो आणि तारखा चुकायला लागतात. घरटी महिना २०० धरले तर १४५ घरं नियमित देणारी हवीत, म्हणजे दारं त्याच्या दुप्पट वाजवायची तयारी ठेवा.

मग परवानगी. नोंदणीकृत न्यास नसेल तर गणेश मंडळं घेतात तीच, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली, नाशिकच्या धर्मादाय कार्यालयातून. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) नसताना पावतीवर ‘करसवलत’ छापू नका. असेल, तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसेही एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाहीत.

खातं तिघांच्या नावे, सही कोणत्याही दोघांची. क्यूआर कोड त्याच खात्याचा. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर पैसे घेतले की त्याचा घरखर्च आणि वर्गणी एकाच स्टेटमेंटमध्ये येते. पुढे माणूस कितीही सरळ असला तरी कुजबुज थांबत नाही.

पावतीपुस्तकं ५० पानी, अनुक्रमांक छापलेली. कोणतं पुस्तक कोणाकडे ते सहीनिशी लिहा आणि जुनं जमा केल्याशिवाय नवं देऊ नका. सगळ्यात जास्त घोळ हरवलेल्या पुस्तकांचाच होतो. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत पगार झाला की त्याच आठवड्यात फिरा. गणपतीच्या तोंडावर मात्र नको. आधीच तीन मंडळं येऊन गेलेली असतात.

समन्वयक शक्यतो निवृत्त नर्स असावी. तिच्या वहीत प्रत्येक पेशंटला एक पान: पुढची तारीख, उपाशीपोटी जायचं की नाही, सोबत कोण, रिक्षावाल्याचा नंबर. आदल्या संध्याकाळी फोन करायचा. भाडं शक्यतो थेट रिक्षावाल्याला, औषधाचे पैसे मेडिकलला, बिल घेऊन. अडीअडचणीला तिच्याकडे २,००० रोख ठेवा, बिलं दिली की पुन्हा भरा.

हिशेब दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, पण त्यात ‘पेशंट क्र. ३’ एवढंच. टीबीचं नाव ग्रुपवर फुटलं की तो माणूस पुढच्या तपासणीला येत नाही. शिल्लक उरली तर कुठे जाईल, हे पहिली पावती फाडण्याआधीच ठरावात लिहून घ्या.