परदेशी जोडीदाराला घेऊन कायमचे भारतात परतताना

अमेरिकेत जोडीदाराला 'स्पॉन्सर' करायचे, त्याच्यासाठी अर्ज भरायचा, आपल्या उत्पन्नाचे पुरावे जोडायचे, ही पद्धत परदेशात बरीच वर्षे राहिलेल्या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे परतीचा विचार पक्का झाला, की भारतात असा अर्ज कोणाकडे करायचा, हाच प्रश्न तो आधी विचारतो. भारतात तसा अर्ज नाही. येथे अर्जदार परदेशी जोडीदार स्वतःच असतो; भारतीय पती किंवा पत्नीने आपला पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा बिनचूक पुरवायचा असतो. तुमचा पगार किती, यापेक्षा लग्नाची नोंद कधी आणि कशी झाली याला येथे जास्त वजन आहे, आणि परतीचे सगळे वेळापत्रक त्या एका तारखेवरून मांडावे लागते.

पायरी १ : विवाहाचा दाखला समोर ठेवून बसा

नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकते. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'; परदेशी पासपोर्ट ठेवूनच भारतात कितीही काळ राहण्याची मुभा देणारे हे कार्ड आहे, नागरिकत्व नव्हे. मात्र विवाह नोंदलेला असावा आणि अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा. ही दोन वर्षे भरली असतील, तर परदेशातील भारतीय वकिलातीमार्फत कार्ड काढून, ते हातात पडल्यावरच सामान बांधावे. भरली नसतील, तर जोडीदाराने एक्स व्हिसावर (म्हणजे 'एन्ट्री' किंवा प्रवेश व्हिसावर) यावे आणि ओसीआयचा अर्ज पुढे भारतातून करावा. अर्जदार स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा अथवा पणजीपणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर ओसीआयचा मार्ग बंद आहे, हे आधीच तपासून घ्यावे.

लग्न परदेशात झाले असेल, तर दाखल्यावर अ‍ॅपोस्टिल करून घ्यावा. दाखला खरा असल्याची, करारातील सर्व देशांत मान्य होणारी ही सरकारी मोहोर असते; भारत या करारात २००५ मध्ये सामील झाला. ज्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तेथे भारतीय वकिलातीकडून साक्षांकन घ्यावे लागते. अ‍ॅपोस्टिल दाखला देणाऱ्या ठिकाणाचाच लागतो. न्यू जर्सीत झालेल्या लग्नाच्या दाखल्यावर न्यू जर्सी राज्याचीच मोहोर हवी. तुम्ही आता कॅलिफोर्नियात राहता म्हणून तेथली चालत नाही. पुण्यात येऊन बसल्यावर हे काम टपालाने करवून घेणे म्हणजे निष्कारण द्राविडी प्राणायाम होतो.

आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. तिकडे नोंदणी पद्धतीने लग्न झालेले असते, आणि वर्षभराने आजीच्या आग्रहाखातर येथे मंगल कार्यालयात अंतरपाट धरून पुन्हा अक्षता पडतात. सोहळा अवश्य करावा, पण त्याची दुसरी नोंदणी करू नये. दोन तारखांचे दोन दाखले निर्माण झाले, की कोणत्या तारखेपासून दोन वर्षे मोजायची, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. उलट, लग्न केवळ विधींनी झाले असेल आणि जोडीदार हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल, तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. अशा वेळी विशेष विवाह कायदा, १९५४ खाली रीतसर नोंदणी करावी. तेथे तीस दिवसांची नोटीस असते आणि त्या जिल्ह्यात त्याआधी तीस दिवस वास्तव्य लागते. पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन हे जमत नाही.

दाखला हातात असतानाच नावेही जुळवून पाहावीत. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून छापलेले असते, आणि परदेशी विवाहनोंदणीत मात्र नाव आणि आडनाव एवढेच उतरलेले असते. त्याचप्रमाणे भारतीय पासपोर्टवर जोडीदाराचे नाव नसेल, तर निघण्यापूर्वीच पासपोर्ट नव्याने काढून ते घालून घ्यावे. पुढचा प्रत्येक अर्ज त्यामुळे सोपा होतो.

पायरी २ : एक्स व्हिसा

दोन वर्षे भरली नसतील त्यांच्यासाठी ही पायरी आहे. अर्ज भारत सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रत आणि कागदपत्रे त्या देशातील केंद्रावर द्यायची. पर्यटक व्हिसावर येऊन 'नंतर बघू' म्हणणारे पुढे अडकतात, कारण पर्यटक व्हिसावर असताना भारतातून ओसीआयचा अर्ज करता येत नाही. व्हिसाची मुदत तो दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, भारतात पाऊल ठेवल्यापासून नाही. म्हणून प्रवासाच्या सहा महिने आधीच तो काढून ठेवण्यात हशील नाही. या व्हिसावर नोकरीची मुभा आपोआप मिळते असे गृहीत धरू नये; नोकरी स्वीकारण्याआधी परवानगीचा प्रश्न सोडवावा.

पायरी ३ : उतरल्यावरचे चौदा दिवस

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आगमनापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. व्हिसावरील शेरा मात्र शब्दन् शब्द वाचावा. कधी 'प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नसावा' अशी अट त्यावर असते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे, त्यामुळे १९४६ च्या कायद्याचा हवाला देणारी जुनी माहिती बेताने वापरावी.

नोंदणीचा अर्ज ई-एफआरआरओ संकेतस्थळावर होतो; एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे प्रादेशिक कार्यालय. मुंबईत आणि गोव्यात त्यासाठी एफआरआरओ कार्यालय आहे, पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयाचा विभाग पाहतो. पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र, विवाहाचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. येथे घरोघरी तीच अडचण येते: वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. मग सासऱ्यांचे सहीचे पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत सोबत द्यावी. भाड्याने राहणार असाल, तर नोंदणीकृत भाडेकरार तयार ठेवावा.

याच्याही आधीचे एक काम चोवीस तासांच्या आत करायचे असते. परदेशी व्यक्ती ज्या घरात उतरते, त्या घरमालकाने तिच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन भरायची असते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणूनच ओळखतात. हा नियम केवळ हॉटेलांसाठी नाही. आमच्याकडे हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "ती पाहुणी थोडीच आहे, सून आहे." त्यांचे म्हणणे घरापुरते खरे होते, पण फॉर्म त्यांच्याच नावाने भरावा लागला, आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सापडेपर्यंत अर्धी दुपार गेली. आईवडिलांचे या फॉर्मसाठीचे ऑनलाइन खाते विमानात बसण्यापूर्वीच उघडून ठेवावे.

पायरी ४ : ओसीआयचा अर्ज

भारतातून अर्ज करताना शुल्क १५,००० रुपये आहे, परदेशातून २७५ अमेरिकी डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन. येथून अर्ज करायचा, तर जोडीदाराचे भारतात सलग सहा महिने वास्तव्य झालेले असावे. छायाचित्र चौरस लागते, पार्श्वभूमी फिकट रंगाची चालते, पण पांढरी नको. पासपोर्टसाठी काढलेले चालवून घेऊ, या भरवशावर अनेकांचे अर्ज परत येतात.

जोडीदार म्हणून केलेल्या अर्जात सुरक्षाविषयक पूर्वपरवानगी कायद्यानेच आवश्यक आहे, म्हणून वंशाच्या आधारे केलेल्या अर्जापेक्षा येथे वेळ अधिक लागतो. मुलाखत होते, स्थानिक पोलिसांकडून चौकशीही होते. हवालदार घरी येतात, दोघांचे एकत्र फोटो पाहतात, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारतात. शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी. या काळात पत्ता बदलू नये, कारण चौकशीचा कागद जुन्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पडून राहतो. परदेशात अर्ज करून मध्येच देश सोडणाऱ्यांचीही अशीच पंचाईत होते; कार्ड तेथे येते आणि माणसे येथे.

पायरी ५ : कार्ड मिळाल्यावर

ओसीआय कार्डधारकाला कितीही काळ राहिले तरी एफआरआरओकडे नोंदणी करावी लागत नाही. कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला, तर मात्र कळवावे लागते. मतदानाचा हक्क मिळत नाही. घर घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून कोकणात जागा घेऊन सातबाऱ्यावर दोघांची नावे लावण्याचा बेत असेल, तर व्यवहारापूर्वी जमिनीचा प्रकार पाहावा. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते.

हे कार्ड विवाहाशी बांधलेले आहे. घटस्फोट झाला, तर ते रद्द होऊ शकते. प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत, नवे छायाचित्र आणि विवाह कायम असल्याचे घोषणापत्र संकेतस्थळावर चढवायचे असते. कोणाला नागरिकत्वच हवे असेल, तर भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला भारतात सात वर्षे वास्तव्य झाल्यावर कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने मूळ पासपोर्ट सोडावा लागतो.