जुन्या गाडीचं अ‍ॅल्युमिनिअम साफ करताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कोणीतरी पोरगं गोणपाटात गुंडाळलेलं जुन्या पद्मिनी गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, घेऊन माझ्या शेडसमोर उभं राहतं आणि म्हणतं, दादा, हे आरशासारखं करून द्या. मी विचारतो, कंपनीतून आलं तेव्हा आरशासारखं होतं का रे भो? मग शांतता. २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि तेव्हापासून ज्याला त्याला पद्मिनी पाहिजे, पण हातात आलेली वस्तू मुळात कशी दिसायची ते बघायला कोणाला वेळ नाही.

तर आधी एवढं समजून घ्या. १०८९ सीसीच्या त्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचं. वाळूच्या साच्यात ओतलेला पार्ट असेल तर त्याची कातडी बारीक रव्यासारखी दाणेदार असते, रंग फिका राखाडी, चमक जवळजवळ नाहीच. डाय कास्ट, म्हणजे धातूच्या साच्यात दाबून ओतलेला, असेल तर गुळगुळीत, तरी आरसा नाहीच. चकचकीत असतात ती फक्त मशीन मारलेली तोंडं, जिथे गॅस्केट, म्हणजे दोन पार्टमधली गळती रोखणारी पट्टी, बसतं. ती मूळची फिनिश बहुतेक वेळा जळक्या तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली अजून जिवंत असते. आपल्याला तो थर काढायचाय, धातू नाही. बाकी जेवढी वाट लागते ती हे विसरल्यामुळे.

सगळ्यात पहिली आणि माझी लाडकी चूक म्हणजे कॉस्टिक. लोखंडाचे पार्ट साफ करायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी लई भारी चालतं, ग्रीस, रंग सगळं सोलून निघतं, म्हणून पोरं त्याच टाकीत अ‍ॅल्युमिनिअम पण टाकतात. मी पण टाकलं होतं, खोटं कशाला बोलू. नवीन नवीन होतो, स्वतःची पहिली पद्मिनी खोललेली, वॉटर एल्बो, म्हणजे इंजिनच्या पाण्याचा वाकडा पाइप, आणि डायनामोचं पुढचं ब्रॅकेट घमेल्यात टाकलं, वरून दोन मुठी कॉस्टिक आणि गरम पाणी. बुडबुडे यायला लागले, मला वाटलं वा, काय मळ निघून राहिला. मळ कसला, कॉस्टिक धातूच खात होतं आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे होते, जवळ कोणी बिडी पेटवली असती तर आज मी हे लिहीत नसतो. त्याच रात्री चुलतभावाची हळद, म्हटलं तासाभरात येतो, आणि आलो डायरेक्ट सकाळी. घमेल्यात काळं गढूळ पाणी. एल्बो बाहेर काढला तर कोळशासारखा काळा, बोल्ट बसतात त्या फ्लँजच्या कडा पापडासारख्या पातळ, आणि कास्टिंगवरचा नंबर बोटाने चाचपला तरी लागेना. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आबा आले, एल्बो उलटासुलटा केला आणि एवढंच बोलले, "हाई काय करं रे भो?" पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ब्रॅकेटमधली बेअरिंगची बैठक एवढी सैल झाली की बेअरिंग बोटाने ढकललं तरी आत जायचं.

घरी आई सांगायची की जर्मलच्या पातेल्यात सोडा घालू नको, काळं पडतं. स्वयंपाकघरात जे कळत होतं ते मला गॅरेजमध्ये कळलं नाही. तो काळेपणा म्हणजे मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं वगैरे जे कॉस्टिकमध्ये विरघळत नाही आणि वर काजळीसारखं बसून राहतं. ते काढायला मग नायट्रिकसारखं अ‍ॅसिड लागतं, म्हणजे एक चूक निस्तरायला दुसरा धोका. कारखान्यात मोजूनमापून, सेकंद धरून हे करतात, ते वेगळं. घमेल्यात करू नका. बाजारातले काही डिग्रीझर पण कॉस्टिकवरचेच असतात, डबा वाचून घ्या.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड पण नको, खड्डे पडतात. अ‍ॅलॉय व्हील उजळवायच्या काही लिक्विडमध्ये हायड्रोफ्लोरिक असतं, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखत पण नाही. माझ्या शेडमध्ये त्याला बंदी आहे.

मी काय करतो? रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश, आणि दोन दिवस. हो, दोन दिवस. पहिल्या दिवशी भिजवून ठेवायचं, घट्ट थर लाकडी काडीने नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा, दुसऱ्या दिवशी गरम पाणी आणि भांड्याचं साबण. तरी डाग राहिले तर किराणा दुकानातलं लिंबूफूल, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं, मग दहा मिनिटं आणि लगेच धुवायचं. शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने. आमच्याकडे बोअरचं पाणी एवढं क्षाराचं की साफ केलेला पार्ट उन्हात ठेवला की पांढरे ठिपके उठतात आणि मग लोक म्हणतात पॉलिश बिघडलं.

दुसरी चूक, वाळूचा ब्लास्ट. चाळीसगावकडचा एक मुलगा हेड कुठूनतरी कोरड्या वाळूने मारून घेऊन आला, पांढरंफेक, पोरगं एकदम खूश. मी म्हटलं बाबा हे परत खोलून धू, प्लग काढ, रॉकर शाफ्टला तेल जायचं भोक बघ. तो म्हणे कंप्रेसरने हवा मारलीय ना दादा. बसवलं, गाडी चालू झाली, फोटो काढले, सगळं झालं. आठ दिवसांनी कन्नड घाट चढताना ऑइलची लाल बत्ती लागली आणि याने ती वायरिंगचा प्रॉब्लेम समजून घाट पूर्ण चढला. नंतर इंजिनखालचं तेलाचं चेंबर खोललं तेव्हा मी तिथे होतो. तेलाच्या तळाशी बोट फिरवलं तर कचकच, आणि बेअरिंगच्या शेलवर कंगवा ओढल्यासारखे चरे. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ग्राइंड करायला गेला, घासून बारीक झालेल्या दांड्याला बसणारी अंडरसाइज बेअरिंग शोधत महिना गेला. हेड मात्र फोटोत छान दिसत होतं.

वाळू मऊ धातूत रुतते आणि हवेने निघत नाही, तेल गरम झालं की निघते. शिवाय वाळूने मूळचा दाणा मोडतो, सगळीकडे एकसारखी खरबरीत पाठ होते, आणि गॅस्केटचं तोंड झाकलं नसेल तर तेही गेलं. कोरड्या वाळूची धूळ फुफ्फुसात बसते ती वेगळीच, सिलिकोसिस त्यानेच होतो. काचेच्या मण्यांचा ब्लास्ट बरा, पण मणी पण भोकात अडकतातच. मी महत्त्वाचे पार्ट ओल्या ब्लास्टिंगला पुण्याला पाठवतो, पाण्याबरोबर मणी मारतात त्यामुळे धूळ नाही आणि कंपनीच्या जवळ जाणारी साटिन, म्हणजे मंद चमकीची, फिनिश येते. पाठवण्याआधी प्रत्येक आट्यात जुना बोल्ट, प्रत्येक भोकात रबरी बूच, आणि परत आल्यावर गॅलरीचे, म्हणजे आतल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढून बाटलीच्या ब्रशने गरम पाण्याने धुणं, पांढऱ्या फडक्यावर काही येईनासं होईपर्यंत. तीन वेळा धुतो. आबांचा हिशोब होता, मी बदलला नाही.

आता बाकीच्या पटापट.

लोखंडी वायर ब्रश नको, लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात पार्टवर तांबूस ठिपके येतात, पितळी ब्रश घ्या. गॅस्केट खरवडायला हॅक्सॉ ब्लेड तर नकोच नको. मशीन मारलेल्या तोंडाला जुनं झिजलेलं स्कॉचब्राइट आणि रॉकेल, हलक्या हाताने. गॅसच्या ज्योतीने मळ जाळू नका, अ‍ॅल्युमिनिअम लोखंडासारखं लालभडक होऊन इशारा देत नाही, सरळ खाली बसतं. कार्ब्युरेटर अ‍ॅल्युमिनिअमचा समजून अ‍ॅसिडमध्ये टाकू नका, तो बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, हातात घेतला की जड लागतो.

भांड्यांच्या दुकानात नेऊन बफ मारून आणणारे पण आहेत. कास्टिंगचा नंबर, साच्याची रेघ, सगळं गुळगुळीत होऊन जातं आणि बफचा मेण छिद्रांत काळा होऊन बसतो. लग्नाच्या वरातीत फिरवायची असेल तर मारा बापडे, पण मग ओरिजिनल म्हणू नका.

आणि सिल्व्हर स्प्रे. याच्यावर मला बोलायलाच लावू नका. दोनशे रुपयांत, दहा मिनिटांत, आणि पहिल्यांदा पेट्रोल सांडलं की पोपडे. खालचा मळ तसाच. क्लिअर लॅकर पण मी मारत नाही, गरम पार्टवर काही दिवसांनी पिवळा पडतो आणि काढताना परत तीच मारामारी.

साफ झालेलं अ‍ॅल्युमिनिअम हवेत आल्या आल्या स्वतःवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतं, तोच त्याचा लॅकर. वरून मी फक्त फडक्याला तेलाचा थेंब लावून पुसतो. पाण्याच्या वाटेभोवती पांढरी पावडर आणि खड्डे दिसले तर बाहेरून घासून काही होणार नाही, ते आतून खाल्लेलं आहे, कारण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. कूलंट घाला, डिस्टिल्ड पाण्यात. बोल्ट परत बसवताना आट्याला कॉपर ग्रीस लावा नाहीतर पुढच्या वेळी स्टड मोडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची स्प्रिंग, टाकायला माझ्याकडेच याल. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पुसा. माझी पोळ्याला पुसली जाते, गावाकडे बैल धुवायचं काम आता राहिलं नाही.