मेंदूतला नायट्रिक ऑक्साइड शोधताय? या चुका टाळा

सर्वात मोठी चूक शब्दांत होते. नायट्रिक ऑक्साइड हा वायू काही सेकंदांत नाहीसा होतो. दुखावलेल्या मेंदूचा तुकडा टेबलावर येईपर्यंत तो केव्हाच संपलेला असतो. स्लाइडवर दिसतं ते तो वायू बनवणारं एन्झाइम. तरी प्रबंधात ‘चेतापेशी वायू सोडताना आढळल्या’ असं बिनदिक्कत छापलं जातं. (भुलीसाठी देतात तो नायट्रस ऑक्साइड. तो वेगळा, पण व्हायव्हात हमखास घोटाळा होतो.)

डायफोरेज नावाची एन्झाइमं दाखवणाऱ्या स्टेनच्या निळ्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चेतापेशींतलं डायफोरेज म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, वर म्हटलेलं वायू बनवणारं एन्झाइम, हे १९९१ साली कळलं. मात्र फॉर्मलिननं (तुकडा टिकवायला वापरतात ते द्रावण) इतर डायफोरेजं निकामी केली, तरच हे खरं. सिंथेज त्यातून तगतं. माझ्या पहिल्याच बॅचमध्ये कापाच्या कडेला चार-दोन पेशी फांद्यांसकट सुरेख उठल्या होत्या आणि मध्यभागी सगळाच निळा चिखल. मी हरखलो. सरांनी एवढंच विचारलं, “तुकडा किती जाड होता?” बोटभर! फॉर्मलिन आत पोचलंच नव्हतं. पातळ चकत्या करा. एक काप एनएडीपीएच (निळा रंग उठायला लागणारं रसायन) न घालता ठेवा, तो निळा होता कामा नये. शेजारच्या कापावर सिंथेजची अँटिबॉडी लावून दोन्ही ताडून पाहा.

सिंथेजचा इंड्युसिबल (इजा किंवा दाह झाल्यावर बनणारा) प्रकार दिसला की ‘मायक्रोग्लिया’ (मेंदूतल्या संरक्षक पेशी) लिहून मोकळं होऊ नका. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या तुकड्यांत तो चेतापेशींतही सापडला आहे. दुहेरी स्टेन (एकाच कापावर एन्झाइम आणि पेशीची ओळखखूण दोन्ही रंगवणं) केल्याशिवाय पेशीचं नाव घेऊ नये. फ्लुरोसन्स वापरत असाल तर वयस्कर मेंदूतलं लिपोफ्युसिन (वयासोबत पेशींत साठणारं रंगद्रव्य) आपणहून चमकतं. बिनस्टेनचा काप आधी बघा.

वायू विरला तरी मागे नायट्राइट आणि नायट्रेट उरतात, म्हणून मेंदूजलावर (मेंदूभोवतीचा द्रव) ग्रीस टेस्ट केली आणि आकडा कमी आला? ही टेस्ट फक्त नायट्राइट पकडते, आणि रक्तस्राव असेल तर हिमोग्लोबिन वायूचं नायट्रेट करून टाकतं. आधी नायट्रेटचं नायट्राइट करून घ्या. त्यातही मेंदूजलात रक्त मिसळलेलं असेल, तर रुग्णाच्या जेवणातल्या पालक-बीटचं नायट्रेटही तुमच्या आकड्यात येऊन बसतं.

राहिला निष्कर्ष. एन्झाइम वाढलं म्हणजे घातच, असं नाही. रक्तवाहिनी तुंबवल्यावर चेतापेशींचं सिंथेज नसलेल्या उंदरांत मेंदूची हानी कमी झाली, रक्तवाहिन्यांचं सिंथेज नसलेल्यांत मात्र वाढली. तेव्हा अहवालात प्रकार लिहा, पेशी लिहा, आणि इजा होऊन किती तासांनी तुकडा घेतला तेही लिहा. तो रकाना बहुतेक वेळा कोराच असतो.