स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी मुलांची रंगभूषा

डिसेंबर लागला की नाशिकच्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची धावपळ सुरू होते आणि रंगभूषेचं काम बहुधा चित्रकलेच्या बाई आणि दोन-तीन हौशी आयांकडे येतं. त्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला नातवाचे डोळे, भुवया आणि ओठ काय बोलताहेत ते दिसावं, एवढ्यासाठीच रंगभूषा करायची असते. मुलाला गोरं करण्यासाठी ती नसते. 'जरा उजळ करा हो' असं पालक म्हणतातच, पण त्यांचं ऐकू नका. त्वचेपेक्षा फिका बेस (चेहऱ्यावर सगळ्यात आधी द्यायचा रंगाचा थर) पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली राखाडी दिसतो आणि चेहरा मानेपासून तुटल्यासारखा वाटतो. बेस त्वचेच्याच रंगाचा किंवा अर्धी छटा गडद घ्या. तो जबड्याच्या कडेला लावून पाहा, मनगटावर नको.

सामान फार लागत नाही. पॅनकेकच्या (ओल्या स्पंजने लावायच्या, डबीतल्या घट्ट बेसच्या) दोन-तीन छटा, तपकिरी आणि काळी पेन्सिल, रूज (गालांची लाली), दोन लिपस्टिक, पावडर, कापूस, इअरबड्स आणि खोबरेल तेल एवढं पुरे. स्पंज मात्र प्रत्येक मुलाला स्वतंत्र हवा. मोठा स्पंज कापून तुकडे करा आणि नाव लिहिलेल्या पिशवीत एकेक तुकडा ठेवा. एकच स्पंज वीस चेहऱ्यांवर फिरला तर एकाचं इन्फेक्शन सगळ्यांना होऊ शकतं. लिपस्टिक थेट ओठांवर न लावता इअरबडने लावा आणि एकदा ओठाला लागलेला बड पुन्हा लिपस्टिकला टेकवू नका. पोस्टर कलर, फेविकॉल, गुलाल, हस्तकलेची चमकी यांतलं काहीही चेहऱ्यावर नको. रंगभूषेच्या जुन्या पेटीत मुर्दाडशिंग किंवा हिंगूळ या खनिजांची पूड सापडली तर ती वापरायची नाही. मुर्दाडशिंगात शिसं असतं, हिंगुळात पारा.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला बेसचा ठिपका लावून ठेवा. चोवीस तासांत खाज किंवा लाली आली, तर त्या मुलाला फक्त पेन्सिल आणि लिपस्टिक लावायची. तीही त्याच्या घरच्यांना विचारून.

नाशिकच्या थंडीत मुलांचे गाल उललेले असतात. अशा गालावर पॅनकेक लावला की पोपडे उठून दिसतात. म्हणून चेहरा धुतल्यावर क्रीम लावून दहा मिनिटं थांबा आणि वर राहिलेला तेलकटपणा कापसाने टिपून घ्या. क्रीम न जिरता बेस लावला तर तो गोळा होतो. स्पंज ओला करून घट्ट पिळा. पाणी जास्त झालं तर ओघळ येतात, कमी पडलं तर रेघा उमटतात. कपाळापासून खाली, ओढत न नेता थोपटत लावा. मान, कान आणि दिसणारे हात विसरू नका, कारण गुलाबी चेहऱ्याशेजारी सावळे कान पहिल्या रांगेलाही खटकतात.

भुवया तपकिरी पेन्सिलीने भरा. डोळ्यांची रेघ पापणीच्या केसांच्या बाहेरूनच काढा, आतल्या कडेला काजळ घालू नका. मूल डोळा चोळतं, पाणी येतं आणि काळा ओघळ थेट गालावर उतरतो. रेघ किती ठळक हवी ते जागेवर ठरतं. कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात ती ठसठशीत हवी, शाळेच्या हॉलमध्ये त्याच्या निम्मी पुरते. एका मुलाला रंगमंचावर उभं करून मागून पाहा आणि मग बाकीच्यांना घ्या.

आजोबा करायचे असतील तर काळ्या रेघा ओढू नका. मुलाला कपाळाला आठ्या घालायला सांगा, जिथे घडी पडते तिथेच तपकिरी पेन्सिल फिरवा, रेघेच्या खाली बारीक फिकी रेघ द्या आणि दोन्ही बोटाने विरवा. केसांना टाल्कम पावडर फासू नका. मूल पहिल्यांदा वाकलं की ढग उडतो आणि संवाद खोकल्यात जातो. त्याऐवजी पाण्यात विरघळणारा पांढरा फेसपेंट जुन्या टूथब्रशने कानशिलांवर लावा. मिशी शक्यतो पेन्सिलीनेच काढा. स्पिरिट गम (मिशी-दाढी चिकटवायचा डिंक) लहान मुलांच्या त्वचेला झोंबतो, आणि थंडीत नाक वाहत असलं तर चिकटवलेली मिशी नाक पुसतानाच निघून येते. दाढी कापडावर शिवून इलॅस्टिकने कानामागे अडकवा.

पंचवटीचा प्रवेश इथे बहुतेक शाळा कधी ना कधी करतातच, म्हणून शूर्पणखेच्या नाकाबद्दल. रक्तासाठी कुंकू नको, ते नाकाडोळ्यांत जातं. गडद मरून लिपस्टिक तिच्या उजव्या तळहातावर आधीच जाड थापून ठेवा. लक्ष्मणाचा वार झाला की ती हात नाकावर दाबून किंचाळते, आणि हात काढला की रंग नाकावर आलेला असतो. तोवर मूठ सैल मिटून ठेवायची आणि काही धरायचं ते डाव्या हाताने, याची दोन तालमींत सवय करा. या क्षणी प्रकाशयोजना लाल असेल तर रक्त दिसणारच नाही, कारण लाल उजेडात लाल रंग विरून जातो. दिवा पांढरा किंवा पिवळसर ठेवायला सांगा. निळ्या उजेडात तोच रंग काळपट दिसतो.

वेळेचा हिशेब असा: साध्या चेहऱ्याला आठ मिनिटं, म्हातारा किंवा राक्षस असेल तर वीस. वीस साधी मुलं आणि हात लावणारे दोघे असतील तर ऐंशी मिनिटं जातात, वर अर्धा तास हाताशी ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे आधी घालून घ्या आणि त्यावर पुढून बटणांचा जुना शर्ट चढवा. खाणं रंगभूषेआधी उरकून घ्या, नंतर फक्त पाणी, तेही स्ट्रॉने. ओठ सगळ्यात शेवटी. पहिली-दुसरीतली मुलं शेवटी बसवा, ती चेहऱ्याला हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

उतरवताना घाई करू नका. कापसावर खोबरेल तेल घेऊन ते चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहू द्या आणि हलकेच पुसा. थंडीत तेल गोठलेलं असतं, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. नंतर सौम्य साबण, आणि पुन्हा थोडं क्रीम. केसांची कड, कानामागची घडी आणि नाकपुड्यांच्या बाजू तपासा, रंग तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशीही लाली किंवा पुरळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि लावलेल्या रंगाची डबी सोबत न्या.