वाढदिवसाला इतिहासाची थीम घेण्यापूर्वी: तयारीची यादी

मुलाच्या वाढदिवसाला इतिहासातील एखादा काळ किंवा घटना थीम म्हणून घ्यायची असेल, तर निमंत्रणे पाठवण्याच्या निदान तीन आठवडे आधी कामाला लागावे. प्राण्यांची किंवा अंतराळाची थीम आदल्या आठवड्यात ठरली तरी निभावून जाते. इतिहासात मात्र खरी माणसे असतात, आणि त्यांचे जे झाले ते केकवर काढण्याजोगे आहे की नाही हे तपासायला थोडा निवांतपणा लागतो. पुढील यादी त्या तपासणीच्या क्रमाने लिहिली आहे. थीम खोडून काढणे हा तिचा उद्देश नाही, कारण बहुतेक वेळा थोडा फेरफार केला की मुलाची आवड राखता येते असा माझा अनुभव आहे.

सर्वांत आधी एक कोरा कागद घेऊन त्यावर एकच वाक्य लिहावे: त्या घटनेत कोणाचे काय झाले, आणि आपल्याकडे येणारी मुले त्यातले कोण होणार आहेत. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, तर तिथेच थांबून विचार करावा. जहाजांचे वेड असलेल्या मुलांकडून हमखास येणारी टायटॅनिकची मागणी या कागदावर उतरवून पाहू. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हे जहाज हिमनगावर आदळले आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती, लाइफबोटींमध्ये जागा जेमतेम १,२०० जणांपुरती होती आणि दीड हजारांच्या आसपास माणसे मेली. ब्रिटिश चौकशी अहवालानुसार तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी ५२ मुले वाचली नाहीत. आता पार्टीच्या सामानात भाड्याने मिळणारी ती फुगवलेली घसरगुंडी डोळ्यांसमोर आणावी: जहाजाचा मागचा भाग वर उचललेला, चार धुरांडी तिरकी झालेली, आणि त्या उतारावरून मुले ओरडत खाली येत आहेत. घसरणारे मूल आपल्या वाक्यात कोण आहे याचे उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही. ही घसरगुंडी बनवणाऱ्याने बहुधा हा कागद कधी भरला नसावा.

दुसरी तपासणी काळाच्या अंतराची. ‘एवढे जुने आहे, आता कोणाला काय वाटणार’ हा युक्तिवाद पार्टी ठरवताना सर्रास होतो आणि त्यात थोडे तथ्यही आहे, परंतु वर्षे मोजून त्याचा निकाल लागत नाही. टायटॅनिकवरून वाचलेल्यांपैकी शेवटची व्यक्ती, मिल्व्हिना डीन, जहाज बुडाले तेव्हा अवघ्या दोन महिन्यांची होती. तिचे वडील त्या रात्री गेले आणि ती स्वतः २००९ पर्यंत हयात होती. त्यामुळे आपण ज्याला जुना इतिहास म्हणतो तो कित्येकदा कोणाच्या तरी आजीची गोष्ट असतो. याउलट इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचे दुःख आज कोणाच्या घरात जिवंत नाही, म्हणून ज्वालामुखीची थीम मी सहज मान्य करीन. तिथेही एक खेळ मात्र काढून टाकावा. संगीत थांबले की जागच्या जागी ‘पुतळा’ होण्याचा खेळ या थीमला आयता जुळतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी घट्ट झालेल्या राखेत कुजलेल्या देहांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांचे आकार मिळवले. कपड्यांच्या चुण्या आणि तोंडावर धरलेले हात त्यांत दिसतात, आणि त्यांत मुलांचेही देह आहेत. सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी फसफसवावा, पुतळे होणे दुसऱ्या एखाद्या पार्टीसाठी ठेवावे.

तिसरे काम पोशाखांचे, आणि ते सजावटीच्या आधी करावे, कारण निमंत्रणात पोशाखाचा उल्लेख एकदा गेला की माघार घेता येत नाही. पोशाख एखाद्या व्यवसायाचा किंवा हुद्द्याचा आहे, की आजही हयात असलेल्या एखाद्या समाजाची ओळख आहे, हे पाहावे. नाविक, राजा, दुर्बीण घेतलेला खगोलशास्त्रज्ञ, घोडेस्वार यांच्या वेशात कोणाचा अपमान होण्याची शक्यता कमी. ‘काउबॉय आणि इंडियन’ या जोडीतला दुसरा वेश मात्र निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील काही मूलनिवासी राष्ट्रांमध्ये पिसांचे शिरोभूषण कर्तृत्वाने मिळवायचा मान असतो. तो कागदी पट्टीवर चिकटवून वाटण्याची वस्तू नव्हे. शिवाय ज्या मुलांचा तो समाज, त्यांच्याशी काय झाले तेही माहीत असावे. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये सुरू झालेल्या आणि १९१८ पर्यंत चाललेल्या निवासी शाळेत मूलनिवासी मुलांना घरापासून दूर आणले जाई, त्यांचे केस कापले जात, त्यांचे कपडे काढून घेतले जात आणि मातृभाषेत बोलायला बंदी असे. अशा मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रेही मुद्दाम काढली गेली. खऱ्या मुलांना जो वेश घालू दिला नाही तो आपल्या घरी गमतीने घालून फोटो काढायचे, हे पटण्यासारखे नाही. काउबॉय हवाच असेल तर तो एकटा ठेवावा: गुरे हाकणे, दोरीचा फास टाकणे, रात्रीचा पहारा यांत खेळ भरपूर आहेत आणि शत्रूची गरज पडत नाही. या कामात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते, तेव्हा कोणीही पाहुणा त्या वेशात शोभेल.

पोशाखांबरोबरच खेळांची यादी करावी आणि प्रत्येक खेळापुढे ‘जिंकला म्हणजे काय झाले’ हे लिहावे. ही यादी करताना बऱ्याच थीम उघड्या पडतात. ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर झुंजणाऱ्या लढवय्यांच्या, पार्टीत फोमच्या तलवारींनी झुंज खेळायला माझी हरकत नाही, पण वाढदिवसाच्या मुलाला उंच खुर्चीत बसवून अंगठ्याच्या खुणेने हरलेल्याचा निकाल लावायला सांगणे टाळावे. सात वर्षांच्या मुलाला आपल्या वर्गमित्राच्या मरणाचा अधिकार खेळातसुद्धा देऊ नये, आणि हरलेले मूल त्या दिवशी रडतच घरी जाते हा व्यावहारिक मुद्दा वेगळाच. चेटकिणींची पार्टी उंच टोपी, झाडू आणि काळे मांजर इथवर असेल तर ती परीकथा आहे. तिला ‘सेलमचा खटला’ असे नाव देऊन एकेका मुलीवर आरोप ठेवण्याचा खेळ आखला, की ती परीकथा राहत नाही: मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली, एका वृद्धाला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारले गेले, आणि डोरोथी गुड नावाच्या चार-पाच वर्षांच्या मुलीला कित्येक महिने तुरुंगात बेड्यांमध्ये ठेवले गेले. पार्टीला येणाऱ्या मुलांहून ती लहान होती.

समुद्री चाच्यांबद्दल थोडे निराळे मत आहे. डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट, खजिन्याचा नकाशा आणि फळीवरून चालवणे हे बहुतांशी कथांमधून आलेले आहे, आणि कथेतला चाचा मुलांनी जरूर व्हावे. फक्त त्याला खरे नाव देऊ नये. ब्लॅकबिअर्ड या खऱ्या चाच्याचे गाजलेले जहाज म्हणजे १७१७ मध्ये पकडलेले ‘ला कॉन्कॉर्ड’ हे फ्रेंच जहाज, आणि पकडले गेले तेव्हा त्यावर आफ्रिकेतून विकण्यासाठी आणलेले शेकडो गुलाम होते. केकवर त्याच्या जहाजाची प्रतिकृती मागवण्याऐवजी कल्पित नावाचे जहाज मुलानेच रंगवावे.

इथवर थीम डळमळीत झाली असेल, तर ती रद्द करण्यापूर्वी तारीख सरकवून पाहावी. या यादीतले सर्वांत उपयोगी काम हेच आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची पार्टी मागणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बहुधा घेरदार झगे, उंच केशरचना आणि आरसे हवे असतात, १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद करणारा गिलोटिन नको असतो. मग दहा वर्षे मागे जावे. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर मॉंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा सोडला, त्याच्या टोपलीत एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता, राजाराणीसह सारा दरबार पाहत होता, आणि सुमारे आठ मिनिटांनी तिन्ही प्राणी जिवंत खाली उतरले. झगे तेच, राजवाडा तोच. वर फुगे टांगायला सबळ कारण मिळते आणि कापडी मेंढी, बदक, कोंबडा यांना टोपलीत बसवून वर ओढण्याचा खेळही मिळतो. या थीममध्ये केकवर ‘भाकरी नसेल तर त्यांनी केक खावा’ हे राणीच्या नावावर खपवले जाणारे प्रसिद्ध वाक्य लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण राणी ते बोलल्याचा पुरावा नाही. ती फ्रान्समध्ये येण्यापूर्वी तत्त्वज्ञ रूसोने लिहिलेल्या मजकुरात ते एका अनाम राजकन्येच्या तोंडी आहे, आणि भुकेल्यांची चेष्टा मुलांच्या पार्टीत तशीही शोभत नाही.

अशीच सरकवासरकव इतरत्रही करता येते. व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातील जुने दर्यावर्दी, हवे असतील तर ७९३ सालची इंग्लंडमधील लिंडिसफार्नच्या मठावरची धाड सोडून अटलांटिक ओलांडून कॅनडातील न्यूफाउंडलंडला पोहोचलेले दर्यावर्दी घ्यावेत. तिथे त्यांनी तोडलेल्या लाकडांवरून १०२१ हे साल नेमके ठरवता आले आहे. इजिप्तमध्ये ममीपेक्षा चित्रलिपी आणि सेनेट या प्राचीन खेळाचा पट अधिक वेळ पुरतो. जहाजाच्या वेडासाठी टायटॅनिकऐवजी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ घ्यावे: बर्फाने जहाज चिरडले, तरीही त्यावरचे सर्व २८ जण १९१६ मध्ये सुखरूप परतले.

काही विषयांना मात्र तारीख सरकवून उपयोग नाही. छळछावण्या, गुलामांचे मळे, अणुबॉम्ब, दुष्काळ, नरसंहार यांची थीम कोणी चेष्टेतही सुचवू नये, आणि त्या काळातील मारेकऱ्यांचे गणवेश कपाटातही नकोत. जर्मनीत नाझी चिन्हे सार्वजनिकरीत्या मिरवणे हा गुन्हा आहे. महायुद्धाच्या विमानांचे किंवा रणगाड्यांचे आकर्षण असलेल्या मुलाशी घरी सविस्तर बोलावे, त्याला संग्रहालयात न्यावे; पार्टीत विमानच हवे असेल तर १७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंचे घ्यावे. पहिले उड्डाण १२ सेकंद आणि १२० फूट एवढेच होते, त्यामुळे कागदी विमान त्याहून लांब उडवण्याची स्पर्धा मोठ्या अंगणात लावता येते.

थीम पक्की झाली की सामान मागवण्यापूर्वी पाहुण्यांच्या यादीवरून एक नजर फिरवावी. एखाद्या कुटुंबाचा त्या इतिहासाशी संबंध असण्याची शक्यता वाटली, तर मुलाच्या आईला किंवा वडिलांना सरळ फोन करून विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर वाद घालू नये. निमंत्रणात पोशाखाबद्दल मोघम न लिहिता काय घालून यावे हे स्पष्ट लिहावे आणि पोशाख ऐच्छिक ठेवावा. ‘त्या काळातले काहीही’ असे लिहिले, तर एखादा पाहुणा नेमके नको तेच घालून येतो, आणि दारात आलेल्या मुलाला कपडे बदलायला सांगण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

सामानातील चुका सुधारण्यात फार शक्ती घालवू नये, पण माहीत असाव्यात. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगे नव्हती. ती कल्पना १८७६ साली जर्मनीत झालेल्या एका ऑपेराच्या वेशभूषेतून रूढ झाली. चोचीचा मुखवटा घातलेला प्लेगचा वैद्य सतराव्या शतकातला आहे, चौदाव्या शतकातील महामारीतला नाही. शिंगे राहू द्यावीत. वैद्याचा मुखवटा मी वगळीन, कारण दवाखान्याला घाबरणारे एक तरी मूल पाहुण्यांत असतेच.

पार्टीच्या दिवशी मुले प्रश्न विचारतील, तेव्हा ‘मग त्यांचे पुढे काय झाले’ या प्रश्नाचे दोन वाक्यांचे खरे उत्तर आदल्या रात्री तयार ठेवावे. निर्धोक वाटणाऱ्या थीमलाही हे लागू आहे. ‘एन्ड्युरन्स’वर मिसेस चिपी नावाचा बोका होता, आणि जहाज सोडावे लागल्यावर त्याला व काही कुत्र्यांना गोळी घालावी लागली, जहाजावरच्या प्राण्यांबद्दल विचारणारे मूल नक्की निघते. खोटे सांगू नये आणि रंगवूनही सांगू नये: बर्फावर अन्न पुरणार नव्हते म्हणून त्यांना मारावे लागले आणि त्याचे माणसांना फार वाईट वाटले, एवढे पुरेसे आहे. त्यानंतर लगेच सुरू करता येईल असा एक खेळ हाताशी ठेवावा.

फोटोंचे काम एका मोठ्या माणसाकडे सोपवावे आणि बाहेर पाठवण्यापूर्वी प्रत्येक फोटो त्याने एकदा पाहावा. घरात हसताहसता घडलेला प्रसंग फोटोत संदर्भाशिवाय दिसतो आणि त्यातली मुले पुढे मोठी होतात. पोशाख परत करायचे असतील तर त्यांची पिशवी दाराजवळ ठेवावी, आणि रिटर्न गिफ्टच्या पुड्यात खेळण्यातल्या शस्त्राऐवजी नकाशा, होकायंत्र किंवा भिंग घालावे.